चाळिसाव्या दिवसाचा उंबरठा

“मावशी, गाडी जरा आत घ्या ना, मागून हमाल येतोय,” ती मुलगी म्हणाली, आणि ही कोणाला मावशी म्हणतेय ते बघायला मी खरोखरच मागे वळले. मागे कापडाच्या गठ्ठ्याखाली वाकलेला हमाल होता, त्याच्यामागे बाजारातली नेहमीची गर्दी, आणि मावशी म्हणावं असं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी एकोणतीस वर्षांची आहे. आत्ताआत्तापर्यंत दुकानदार मला ताई म्हणायचे आणि बसमधल्या म्हाताऱ्या बायका ‘पोरी’ म्हणायच्या. मावशी कधी झाले? चाळीस दिवसांत? मी काही बोलायच्या आत त्या मुलीनं वाकून बाबागाडीचा पुढचा दांडा धरला, उचलला आणि पुढची दोन चाकं सरायीच्या दगडी उंबरठ्याच्या आत टेकवली. इतक्या सहज, जसं कोणी रस्त्यात पडलेली सायकल उभी करतं. हमाल निघून गेला. मुलगीही आत गेली. मी तिथेच उभी, गाडीची मूठ धरून. पुढची चाकं आत, मागची बाहेर, आणि मध्ये माझी एकिन, डोळे मिटलेली, तोंड किंचित उघडं. सवयीनं मी तिच्या छातीकडे पाहिलं. वर. खाली. वर. मग काय होऊन बसलंय ते माझ्या लक्षात आलं: उंबरठा अर्धा ओलांडून झाला होता.

आज एकिनचा चाळिसावा दिवस. सकाळी सासूबाईंनी तिला चाळीस खड्यांच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. खडे त्यांनी स्वतः ओढ्यावरून आणलेले, उकळून घेतलेले, आणि एकेक खडा पाण्यात सोडताना त्या मोठ्यानं मोजत होत्या. तेविसावर त्यांचा फोन वाजला. बोलून झाल्यावर त्यांनी सगळे खडे बाहेर काढले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. “अर्धवट मोजलं तर अर्धवटच राहतं, बेरिन,” त्या म्हणाल्या. मी टॉवेलमध्ये उघड्या पोरीला धरून बसले होते, तिचे ओठ निळे तर पडत नाहीत ना, एवढंच बघत. मग त्यांनी माझ्या केसांतली लाल फीत सोडली. बाळंतिणीची फीत, जिच्यामुळे म्हणे बाळंतिणींवर टपलेली रात्रीची हडळ येऊन काळीज काढून नेत नाही. फीत निघाली तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, आता डोक्यावर काहीच नाही. आजपासून एकिनला बाहेर न्यायचं, आणि बाहेर म्हणजे नाइमे आत्यांकडे. चाळिसाव्या दिवशी बाळ ज्या घराचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडतं, त्या घराच्या माणसांवर जातं, म्हणून पहिलं घर नीट पारखून निवडायचं असतं. त्या घरानं बाळाच्या हाती अंडं द्यायचं, अंड्यासारखं गुबगुबीत व्हावं म्हणून, आणि केसांना पीठ लावायचं, केस पिकेपर्यंत जगावं म्हणून. आत्या माझ्या नवऱ्याच्या. मुरादिये मोहल्ल्यात राहतात, तीन मुलगे, तिघेही मार्गी लागलेले, घरात एक ताट कधी फुटलेलं नाही. एकिन माझ्या पोटात पाच महिन्यांची होती तेव्हाच सासूबाईंनी ते घर ठरवून टाकलं. “त्या घरात तीस वर्षांत कुणाचा रडण्याचा आवाज ऐकला नाही मी,” त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मला रोज एकदा तरी वाटतं, तिथली माणसं मग रडायला जातात कुठे?

सासूबाई नऊलाच पुढे गेल्या, जेवणासाठी द्राक्षाच्या पानांत सारण भरायला. तुर्गुत कारखान्यात, त्याची पहिली पाळी. सासूबाईंनी मला बजावलं होतं, “टॅक्सी कर, मध्ये कुठे उतरू नकोस, कुणी कितीही बोलावलं तरी कुणाच्या दारात पाऊल टाकू नकोस.” टॅक्सी केलीही होती. पण टॅक्सीला सिगारेटचा वास होता, शिळा, गादीत मुरलेला, आणि चौथ्या सिग्नलला मला एकिनचा श्वास ऐकू येईना, म्हणून मोठ्या मशिदीपाशी उतरले. तिथून मुरादिये चालत वीस-पंचवीस मिनिटं. मुख्य रस्त्यानं सरळ जाता आलं असतं. मी बाजारातून वळले. ऊन होतं, बाळाला सावली बरी, असं मी स्वतःला सांगितलं. सावली बाजारातल्या दहा गल्ल्यांना आहे. मी त्या एकाच गल्लीत शिरले, जिच्या मध्यावर तुतीच्या सरायीचा दरवाजा आहे.

दरवाज्यातून आतलं दिसत होतं. चौक, चौकाच्या मधोमध हौद, हौदाच्या कडेला ती जुनी तुती, आणि तिच्याखाली बुटकी स्टुलं, बुटकी टेबलं, आणि त्यांच्यावर वाकलेल्या पाठींची गर्दी. सगळ्या पाठी विशीतल्या. पिकलेल्या तुती पडून फरशीवर जांभळे डाग झालेले. तावला या सोंगट्यांच्या खेळाच्या पाटावर फासे आपटत होते, कुणीतरी एकच सूर तीनतीनदा जुळवत होतं, वरच्या सज्जातून दोन मुली खाली ओरडून कुणाला तरी नोटांच्या झेरॉक्स मागत होत्या. चहाचा, ओल्या दगडाचा, तव्यावर भाजणाऱ्या पोळीचा वास. सहा वर्षं मी या वासात राहिले आहे. घर म्हणून ज्या खोल्यांचे पत्ते मी फॉर्मवर लिहिले, वसतिगृह, मग एकट्या मुलींना परवडणारं तळघर, मग तुर्गुतचं घर, त्यांतल्या एकाचाही वास मला आज डोळे मिटून सांगता येणार नाही. विद्यापीठ गावाबाहेर होतं. शेवटचा तास संपला की मी आणि गुलरिझ बस पकडून इथे यायचो आणि अंधार पडेपर्यंत उठायचो नाही. मी रसायनशास्त्राची, ती तत्त्वज्ञानाची. “तू सांग पाणी कशाचं बनतं, मी सांगते ते आहे की नाही,” ती म्हणायची. तिचं हसणं आधी खांद्यांत यायचं, मग तोंडावर. याच तुतीखाली, डाव्या हाताचं डगमगणारं टेबल आमचं. आणि एकदा, शेजारच्या टेबलावर कुणीतरी आपल्या पुतण्याच्या चाळिसाव्याची गोष्ट सांगत असताना, गुलरिझ म्हणाली होती, “माझं पोर झालं ना, तर मी ते कुठल्या आत्याबित्याकडे नेणार नाही. इथे आणीन. चहावाल्या राउफकाकांकडून अंडं घेईन.”

“एवढ्या सिगारेटच्या धुरात? बाळाला?”

“धुरात तर धुरात. उंबरठा तर आपण निवडलेला असेल! नाहीतर बघ तू, आयुष्यभर पोरगं पडद्यांच्या झालरी मोजत बसेल.” मग माझ्याकडे रोखून बघत, “तुझं आधी झालं तर तू आण. दे टाळी.” मी टाळी दिली होती. हसत दिली होती. चोविसाव्या वर्षी माणूस कशालाही टाळी देतं.

आणि आता पुढची चाकं आत होती. मी मागे ओढली असती तर? अर्धा उंबरठा ओलांडला तर तो धरतात का? सासूबाईंच्या हिशेबानं अर्धवट ते अर्धवटच राहतं. मी कल्पना केली, एकिन मोठी झालीय, वीस वर्षांची, आणि प्रत्येक दारात अशीच उभी आहे, एक पाय आत, एक बाहेर, माझ्यासारखी. ही कल्पना करताना मला स्वतःचं हसू यायला हवं होतं. मी प्रयोगशाळेत सहा वर्षं काढलेली बाई, खड्यांवर आणि पिठावर माझा विश्वास नाही. पण चाळीस रात्री दर तासाला उठून मी एका छातीवर हात ठेवत आले आहे, आणि विश्वास नसलेल्या किती गोष्टी अंधारात मी कबूल केल्या ते मलाच माहीत. मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, आत जाताय की बाहेर?” मी गाडी ढकलली. मागची चाकं उंबरठ्यावर चढली, खाली उतरली, आणि एकिन झोपेतच दचकली, दोन्ही हात पसरले तिनं, पडणाऱ्या माणसासारखे.

डाव्या हाताचं टेबल रिकामं नव्हतं. मघाची मुलगी तिथेच बसली होती, पुढ्यात गुरांच्या हाडांची चित्रं असलेली वही, कापलेले केस, बोटांना निळी शाई. तिनं पायानंच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. “बसा मावशी, इथे धूर येत नाही, वारा तिकडचा आहे.”

“मावशी नको ना म्हणूस,” माझ्या तोंडून निघून गेलं. “ताई म्हण हवं तर.”

“गाडीत बाळ असलं की मावशी,” ती हसून म्हणाली. “मी नाही केला हा नियम.” तिचं नाव सेझिन, पशुवैद्यकीचं तिसरं वर्ष, दोनदा नापास, हे तिनं न विचारता सांगून टाकलं. मी बसले. टेबल डगमगलं नाही. मी खाली वाकून पाहिलं. पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता, नवा. आमच्या वेळी माझ्या वहीचं एक पान असायचं.

राउफकाका चहा घेऊन आले. केस पांढरे झालेत त्यांचे, तबक मात्र तसंच तीन बोटांवर. त्यांनी माझ्यापुढे पेला ठेवला, बाळाकडे बघितलं, माशाल्ला म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. ओळखलं नाही. मला बरं वाटलं आणि लगेच इतकं वाईट वाटलं की मी पेला दोन्ही हातांनी धरला, भाजेपर्यंत. काकांची रीत अशी की पेला रिकामा दिसला की ते भरलेला आणून ठेवतात, विचारत नाहीत. नको असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. सगळ्या गावाची तीच रीत आहे, पण आमच्या टेबलावर तिचा खेळ झाला होता. जी आधी चमचा आडवा ठेवेल ती हरली. अकरा-अकरा पेले प्यायलो आहोत आम्ही, हात थरथरेपर्यंत, केवळ चमचा ठेवायचा नाही म्हणून. आणि मग एका मंगळवारी, ऑक्टोबर होता, तुतीची पानं पिवळी झालेली, मी तिसऱ्याच पेल्यावर चमचा ठेवला. तुर्गुतच्या घरचे त्या संध्याकाळी मला मागायला येणार होते आणि मला कॉफीचे कप मांडायला घरी जायचं होतं. तुर्गुत वाईट नाही. तो एकिनची लंगोटं बदलतो, माझ्यासाठी दिव्यावर कागद लावतो, मला धडकी भरली की “ये, मी मोजतो तिचे श्वास, तू झोप,” म्हणतो. मी त्याला स्वतः हो म्हटलं होतं. त्या दिवशी गुलरिझनं आडव्या चमच्याकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाली, “ठेवलास.” भांडण नाही, काही नाही. ती लग्नाला आली, नाचली. मग भेटी महिन्याच्या झाल्या, मग सणाच्या, मग फोनमधल्या वाढदिवसाच्या फुलांच्या. ती परदेशी गेलेली नाही. निलुफरला राहते, मेट्रोनं वीस मिनिटं. एकिन झाल्याचं मी तिला कळवलेलं नाही. सहा वेळा लिहिलं आणि पुसलं. काय लिहायचं असतं? हरलेल्या माणसानं जिंकलेल्याला काय लिहायचं असतं? की जिंकलं कोणीच नव्हतं, आणि ती अजून कुठेतरी बसून पेल्यामागून पेले पीत आहे, एकटी?

फोन वाजला. सासूबाई.

“कुठे आहेस गं? आत्यांनी पीठ चाळून ठेवलंय केव्हाचं.”

“टॅक्सीत, आई. गर्दी आहे फार.”

शेजारच्या टेबलावर फासे पडले. “हा टकटक आवाज कसला?”

“टॅक्सीचा इंडिकेटर.”

“अजून वळतेच आहे का ती टॅक्सी? बाळ?”

“झोपलंय. श्वास नीट आहे.”

“श्वास नीट असणारच! तू म्हणजे ना, बेरिन,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात अचानक काहीतरी मऊ झालं. “ये सावकाश. पण सरळ ये.”

मी फोन ठेवला तेव्हा सेझिन वहीत तोंड घालून हसत होती. “इंडिकेटर! मावशी, तुम्ही नापास होणाऱ्यातल्या नाही.” मलाही हसू आलं, खूप दिवसांनी, आणि ते आधी खांद्यांत आलं. मला कळलं ते. ते हसणं माझं नव्हतंच मुळात. त्याच क्षणी एकिन रडायला लागली; ते कुरकुरणं नव्हे, ते दुसरं, जांभळं करणारं रडणं. मी तिला उचललं, उभी राहिले, खांद्यावर घेतलं. सगळा चौक बघतोय असं वाटलं, प्रत्यक्षात कुणीच बघत नव्हतं. धूर लागला का? ऊन? मी काय म्हणून हिला इथे आणलं? एका टाळीसाठी?

“माझ्याकडे द्या,” सेझिन उठून म्हणाली.

“नको, नको, ती कुणाकडे—”

“मी वासरं ओढून काढलीयेत बाहेर. ही त्यांच्यापेक्षा हलकी आहे. हात धुतलेत, बघा.” तिनं हौदाच्या पाण्यानं ओले केलेले हात माझ्यापुढे धरले, निळ्या शाईचे डाग तसेच. चाळीस दिवसांत माझी पोर माझ्याशिवाय दोघांच्याच हातात गेली होती. आणि पहिल्या उंबरठ्याच्या आत तिला पहिल्यांदा घेणाऱ्यावर तर ती जाणारच, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगतात. मी त्या मुलीकडे पाहिलं. दोनदा नापास. अनोळखी बाळाची गाडी न विचारता उचलणारी. एकिन कुणासारखी व्हावी, हे मला चाळीस दिवसांत कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. नाइमे आत्यांसारखी नको, एवढं मला पोटातून ठाऊक होतं. पण माझ्यासारखी? तिसऱ्या पेल्यावर चमचा ठेवणारी, आणि मग चमच्याचं दुःख करणारी? मी एकिनला तिच्या हातात दिलं.

तिनं तिला पालथं धरलं, आपल्या हाताच्या लांबीवर, मांजराच्या पिलासारखं, डोकं कोपराच्या खोबणीत, आणि नुसती उभी राहिली. डोलवणं नाही, गाणं नाही. एकिनचं रडणं अडखळलं, उचकी झालं, थांबलं. तिनं डोळे उघडले. फरशीवरच्या जांभळ्या डागांकडे बघत राहिली ती, बुबुळं न हलवता. माझे हात रिकामे झाले होते आणि त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. ते टेबलावर गेले, चमच्याशी खेळू लागले. चौकातले आवाज एकेक करून माझ्यापर्यंत आले, इतका वेळ ते कापसाआड होते. सज्जातली मुलगी ओरडत होती, सूर जुळवणाऱ्याला अखेर सूर सापडला होता, एक तुती टप्कन हौदात पडली. मी चोवीस वर्षांची नव्हते. तशी मी पुन्हा कधीच होणार नव्हते, आणि हे कळणं मला वाटलं होतं त्याहून सोपं होतं आणि त्याहून जास्त दुखत होतं.

“आता तुमच्याकडे बाळ नाही,” सेझिन म्हणाली. “आता ताई.”

राउफकाका दुसरा पेला घेऊन आले आणि थांबले. माझ्या बोटांत उभा फिरणारा चमचा बघत म्हणाले, “तू ती ना, पाण्यावरून भांडणाऱ्या दोघींतली? कागदाच्या घड्या करून माझ्या टेबलांना टेकू देणारी?” मी मान हलवली. “आणि ही? किती दिवसांची?”

“चाळीस. आजच.”

“आज?” त्यांनी दरवाज्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कुणाकडे जाऊन आलात आधी?”

“कुणाकडे नाही.”

काकांनी तबक टेबलावर ठेवलं. तबक खाली ठेवताना मी त्यांना त्याआधी पाहिलेलं नव्हतं. ते पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या गाड्याकडे गेले, तिच्याशी काहीतरी बोलले, आणि एका मुठीत उकडलेलं अंडं, दुसऱ्या चिमटीत पीठ असे परत आले. मागून ती बाई लाटणं हातात धरून ओरडली, “वरच्या केसांना नको, कपाळाच्या जवळ लाव, घरच्या म्हातारीला दिसू दे!” काकांनी पीठ एकिनच्या जावळाला लावलं, फार हळू, जसं कुणी पेला काठोकाठ भरतं. अंडं तिच्या मुठीत मावेना, म्हणून माझ्या हातात दिलं. गरम होतं. “केस असे पांढरे होईपर्यंत जग,” ते म्हणाले, “आणि चहा प्यायला ये.” मग मला हळूच विचारलं, “ती दुसरी कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हणाले. मला ठाऊक नव्हतं.

बाराला पाच कमी होते. सेझिननं एकिनला माझ्याकडे देताना तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते मी विचारलं नाही. मी टोपडं पुढे ओढून पीठ झाकलं, अंडं एकिनच्या मोज्यात घालून पिशवीत ठेवलं, दुसरा पेला उभ्यानंच संपवला. सवयीनं हात चमच्याकडे गेला. मी तो बशीत होता तसाच राहू दिला. दरवाज्यातून बाहेर पडताना मागे वळून पाहिलं नाही, पण मला माहीत आहे, रिकामा पेला दिसल्यावर काकांनी तिसरा आणून ठेवला असणार. तो तिथे निवत असेल, माझ्या नावानं, किंवा तिच्या.

मुरादियेचा चढ मी गाडी ढकलत चढले. आत्यांच्या जिन्यात लोण्याचा आणि फरशी पुसण्याच्या औषधाचा वास होता. दारापुढे सपाता एका रेषेत. मी एकिनला गाडीतून उचललं. तिच्या दुलईला तंबाखूचा वास येत होता, मघाच्या टॅक्सीपेक्षा जास्त. टोपडं मागे करून पाहिलं, पीठ घामानं ओलं होऊन कपाळाजवळ चिकटलं होतं, पांढरी पापडी. दाराआड पावलं वाजत होती. मी अंगठा जिभेला लावला. एकदा फिरवला असता की झालं असतं. मग आत्यांचं अंडं, आत्यांचं पीठ, आत्यांचं न रडणारं घर, आणि कुणाला काही कळलं नसतं, एकिनलाही नाही. एकिन जागी होती. ती माझ्याकडे बघत होती, त्या डागांकडे बघत होती तशी. अंगठा मी बाहीला पुसला आणि टोपडं काढून पिशवीत टाकलं. मग बेल दाबली.

सासूबाईंनी दार उघडलं, हात भिजलेले, चेहरा उजळलेला. त्यांच्या मागे नाइमे आत्या, पिठाची वाटी घेऊन. सासूबाईंचे हात पुढे आले आणि तिथेच थांबले.

“हे पीठ कुणी लावलं?” त्यांचा आवाज चढला नाही. “बेरिन? कुणाच्या घरी गेली होतीस आधी?”

“माझ्या,” मी म्हणाले.

आत्यांनी वाटी खाली घेतली. एकिनला तेवढ्यात पुन्हा रडू फुटलं, मोठ्यानं, तीस वर्षं कुणाचं रडणं न ऐकलेल्या त्या जिन्यात ते वरपर्यंत घुमलं, आणि मी तिला गप्प केलं नाही. उंबरठ्याच्या बाहेर उभी राहिले, तिला खांद्याशी धरून, आत बोलावतात का याची वाट बघत.